टाकीवरचं नाव

नळाला पाणी येतंय ना, ते बघायला मी शाळेत गेलो, तर टाकीपाशी दाढी वाढलेला एक माणूस उभा होता. फरशीवर कोरलेल्या अक्षरांवरून तो बोट फिरवत होता. 'कै. मुकुंद आंबेरकर यांच्या स्मरणार्थ, दहावी १९८८.'

"हा मीच," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकानं एसटीतून लिहिलं होतं, 'आंबेरकरच्या दारात तिरडी बांधतायत.' पाच मिनिटांत छप्पन्न जणांनी हात जोडले. लिहिणारा एसटीतून उतरला नाही. आंबेरकर ग्रुपवर नव्हता, त्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. ग्रुप मी काढलेला, म्हणून टाकीचंही मीच मनावर घेतलं. उद्घाटनाला त्याच्यावर असं बोललो की सगळे रडले.

"मुकुंदा, चुकलं रे आमचं. उद्याच फरशी बदलतो."

"राहू दे. गेली ती बायको. तुमच्यापैकी कुणीच फिरकलं नाही, तेव्हा वाटलं, कळलं नसेल."

त्यानं नळ सोडला, ओंजळीनं पोटभर पाणी पिऊन घेतलं आणि ओला हात फरशीवरून फिरवून तिच्यावरची धूळ पुसली. मग पिशवी उचलून फाटकाबाहेर पडला.

तो वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आत्ताही त्याचा नंबर घेतला नव्हता.