सीमारेषेबाहेरचा चेंडू

"कॅमेरा तुझ्यावर येतोय, हसत राहा," निर्मात्याचा आवाज रेवतीच्या कानात आला. घामाने तिच्या हातातला माईक निसटत होता. खांद्याच्या दुखापतीने तिची गोलंदाजी सुटली होती आणि आज ती प्रथमच टीव्हीची निवेदिका म्हणून सीमारेषेजवळ उभी होती. महिलांचा अंतिम सामना, शेवटचा चेंडू, समोरच्यांना हव्यात तीन धावा. आणि चेंडू होता मृण्मयीच्या हातात. रेवतीच्या जागी संघात आली होती ती हीच. सामना संपल्यावर हिचीच मुलाखत घ्यावी लागली तर काय, या विचाराने रेवती सकाळपासून धास्तावली होती.

मृण्मयी धावू लागली, तशी रेवतीची पावलंही नकळत हलली.

"पायात टाक गं, पायात!" ती ओरडली.

"अगं, माईक चालू आहे!" निर्माता कळवळला.

चेंडू थेट फलंदाजाच्या पायाशी पडला आणि मधली यष्टी उडाली! रेवतीने उडीच मारली. मग भान येऊन ती एकदम गप्प झाली, तर आता निर्माताच ओरडत होता, "थांबू नकोस, बोल! घराघरांत लोक असेच ओरडले असतील!"

मग ती बोलतच सुटली. मृण्मयी धापा टाकत तिच्यापाशी आली.

"कसं वाटतंय?" रेवतीने माईक पुढे केला.

मृण्मयीने तो हसत तिच्याचकडे वळवला. "आधी तुम्ही सांगा, ताई."

रेवती माईकवर वाकली.

"जिंकल्यासारखं!" ती म्हणाली.