साहेबाने दिलेलं वळण

आमच्या पणजोबांच्या शब्दाखातर साम्राज्य वाकलं होतं. निदान रस्ता तरी. ते गोऱ्या साहेबाचे दुभाषी. आमचं प्रार्थनाघर पाडून रस्ता जायचा होता. त्यांनी शब्द टाकला आणि साहेबाने रस्त्याला वळण दिलं. ही कथा ऐकवून बाबांनी तिन्ही जावयांना पेंगायला लावलेलं. रुंदीकरणाचं मशीन आलं, तेव्हाही ते प्रार्थनाघराच्या दारात तीच सांगत बसले. “काका, ऐकतो, पण सावलीत बसा,” मुकादम म्हणाला. तेवढ्यात प्रार्थनाघरामागे खोदताना संगमरवरी दगड निघाला. मुकादमाने तो बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यावर नाव साहेबाच्या मुलीचं, वय दीड वर्ष; रस्त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. “म्हणजे वळण हिच्या थडग्यासाठी,” मी म्हणालो. बाबांनी अक्षरांतली माती रुमालाने काढली. “आजोबांना माहीत असणार रे. तरी मला कुशीत घेऊन सांगायचे.” बाबा उठले. संध्याकाळपर्यंत रस्ता सरळ झाला.