व्हिसावरचा नवरा

मुकुंदराव आणि स्नेहलताबाई कुशलसाठी मुलगी बघायला फतेगंजला इराच्या घरी आले होते. इराला ऑस्ट्रेलियात मास्टर्सची ॲडमिशन मिळाली होती, आणि लग्न झालं की तिच्या व्हिसावर नवऱ्यालाही सोबत जाता येणार होतं. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटलेला कुशल खाली मान घालून पोहे खात होता.

"सरस! मुलींनी शिकलंच पाहिजे," मुकुंदराव इराच्या वडिलांना म्हणाले. "आमच्याकडे मुलगा-मुलगी असा भेद आम्ही कधी केलाच नाही."

"माहितीये काका," इरा मनापासून म्हणाली. "तुमची मोहना आणि मी इंग्रजीच्या एकाच क्लासला होतो. तिला तर माझ्या आधी मेलबर्नची ॲडमिशन मिळाली होती. नंतर आमची भेटच नाही झाली. कशी आहे ती तिकडे?"

मुकुंदरावांचा चमचा बशीतच राहिला. कुशलने आईकडे पाहिलं.



"ती इथेच असते, जवळच्या सावली गावात," स्नेहलताबाई हळूच म्हणाल्या. "एकटी मुलगी परदेशी नको, म्हणून आम्हीच तिचं लग्न लावून दिलं."