कुणाची काही तक्रार?

शाळांत मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या जातात का, हे तपासणाऱ्या पथकातला कैलास बदलापुरातली एक शाळा उरकून खुशीत आला. "मॅडम, सगळं ओके. वर्गावर्गात विचारलं, कुणी त्रास देतं का? पोरं एका सुरात म्हणाली, नाही सर!"

"वर्गात अजून कोण होतं?" पथकप्रमुख यशोधरा मॅडमनी विचारलं.

"वर्गशिक्षक होते ना. हेडमास्तर पण. एकदम शिस्तीत झालं."

मॅडमनी अख्खी टीम समोर बसवली. "माझा कुणाला त्रास आहे? हात वर करा."

एकही हात हलला नाही. कैलास तर म्हणाला, "तुमच्यासारखी साहेब मिळायला नशीब लागतं."

"बरं. मी बाहेर जाते. काय असेल ते आपल्या कौसामावशींना सांगा."

थोड्या वेळानं मॅडम आत आल्या, तर ऑफिसात चहा देणाऱ्या कौसामावशी पदराआड हसत होत्या. "बाई, सगळे एकदमच सुटले. हा कैलास तर थांबंचना!"

कैलासनं मान खाली घातली.

"मान नंतर घाल, आधी रिक्षा बोलव. त्या पोरांना रोज त्याच मास्तरांसमोर बसायचंय. मास्तर लोकांना मी हॉलमध्ये तासभर पकवते, तोवर तुम्ही पोरांशेजारी खाली बसा."