केळापुरी

रजतनं अंजीर मधोमध कापलं आणि दोन्ही फोडी ताटात मांडल्या. आतला गर गडद लाल, जवळजवळ जांभळा. साल मात्र हिरवीच.

"पिकलं तरी हिरवं," तो म्हणाला. "पुना फिग जातीचं असं नसते. दिनकर जातीचंही नसते."

इंदुताईंच्या ओसरीवर बसलेले सगळे ताटावर वाकले. कुणी बाभुळगावातलेच, कुणी यवतमाळहून आलेले. सगळे घरच्या घरी अंजीर लावणारे, परसात नाही तर गच्चीवरच्या कुंडीत. एरवी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये पानं-फळं दाखवायची आणि जात कोणती यावर भांडायचं; आज पहिल्यांदाच समोरासमोर भेटले होते. ज्यानं त्यानं आपलं पान आणि फळ आणलं होतं.

समोरच्या घरातली सुग्राबी तेवढी रिकाम्या हातानं आली होती. तिचं झाड गेल्या पावसात मुळाशी पाणी साचून मेलं. इंदुताईंकडे एक फांदी मागायची, एवढंच तिचं काम होतं.

रजतनं इंदुताईंच्या झाडाचं पान तळहातावर पसरलं. पाच बोटं, मधलं लांब आणि टोकाशी एका अंगाला वळलेलं.

"काकू, ही जात मी कुठंच पाह्यली नाही. आली कुठून?"

"माझ्या माहेरची हाय. केळापूरची," इंदुताई म्हणाल्या. "आमच्या आजोबानं लावलती. मी तर नावच ठेवलं, केळापुरी."

कुणीतरी टाळी वाजवली.

आपणच काही चुकीचं ऐकलं, असं सुग्राबीला वाटलं. "इंदुताई," ती म्हणाली, "हे तर आमच्या पोरानं, तारिकनं आनलतं ना. ट्रक घेऊन खुल्दाबादले गेलता तवा. त्याच झाडाची फांदी मी तुमाले दिलती."

इंदुताई हसल्या. "तुमचं वेगळं होतं, भाभी. अंजिराची पानं सारखीच दिसतेत."

सुग्राबीनं मोबाइल काढला. फोटोत तारिक झाडाला हात लावून उभा होता, उन्हानं डोळे बारीक केलेले. रजतनं फोटो मोठा केला. आधी चेहराच समोर आला. तो त्यानं बोटानं बाजूला सारला आणि पानावर आला. ताटातलं पान उचलून पडद्याशेजारी धरलं.

"मधलं बोट तर..." त्यानं सुरुवात केली.

"भाभी, जरा आत या," इंदुताई उठल्या. "चहा करू."

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला नाही. "कायले काढलं सगळ्यांसमोर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मी खोटं बोलली का?"

"नाही." इंदुताई ओट्याकडे पाहत होत्या. "पण वर्षभर मी केळापूरचंच सांगून राह्यली. पहिल्यांदा उगाच तोंडातून निघून गेलं. मग भावानं तिकडं वावरात लावलं, पाटीबी लावली. आता कुठल्या तोंडानं बदलू?"

सुग्राबी त्यांच्याकडे बघत राहिली. तारिकचा ट्रक उलटून तो गेला, तेव्हा याच बाईनं कितीतरी दिवस दोन्ही वेळचा डबा आणून दिला होता. सुग्राबीच्या नवऱ्याला, युनूसला, समोर बसवून खाऊ घातलं होतं.

"मले पाटीचं काही नाही," सुग्राबी म्हणाली. "मले फांदी पायजे. त्याच्या हातचं जितं तेवढंच होतं आमच्याकडं."

"देतो ना. आत्ता कापून देतो. फक्त बाहेर तेवढं सांगा, तुमचं वेगळं होतं म्हणून."

"आन् नाही सांगितलं तर?"

इंदुताईंनी गॅस पेटवला आणि आधण ठेवलं. मागच्या दारातून झाड दिसत होतं. फांद्यांच्या टोकांना कोवळी पानं फुटली होती.

दोघी बाहेर आल्या, तेव्हा मोबाइल अजून रजतच्या हातातच होता.

"चाची, खरं सांगा," तो म्हणाला. "मले दोन्ही एकच वाटून राह्यले. तुमचं झाड हेच होतं का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. इंदुताई कपांचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"नाही बाबा," सुग्राबी म्हणाली. "आमचं वेगळं होतं." आणि कुणी काही विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाली, "इतकं चांगलं नव्हतं."

रजतनं मोबाइल तिला परत दिला. इंदुताई प्रत्येकाच्या हातात कप देत गेल्या. सुग्राबीजवळ आल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी युनूसनं अंगणात खड्डा खणून ठेवला होता. या वेळी उंचवट्यावर, पाणी साचणार नाही असा. सुग्राबी ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आली, तसा तो लगबगीनं उठला.

"दिली?"

"दिली."

त्यानं फडकं सोडलं. कापलेल्या जागी पांढरा चीक आला होता. त्यानं सालीवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"मोठ्या दिलाची बाई हाय," तो म्हणाला. "आपल्या पोराची निशानी संभाळली तिनं. उद्या जाऊन शुक्रिया म्हणून येतो मी."

फांदी खड्ड्यात धरून तो खाली बसला. मग त्याला काहीतरी आठवलं.

"यवतमाळचे लोक आलते ना? त्यायले सांगितलं ना, हे आमच्या तारिकनं आनलतं म्हणून?"

सुग्राबी दोन्ही हातांनी माती लोटत होती.

"सरळ धरा," ती म्हणाली. "वाकडी होऊन राह्यली."