एकोणिसावा दिवस

अठराव्या दिवशी तिने स्वतःला थोडं बरं वाटायला लावलं. दहापैकी सहा. झोप पावणेसहा तास. खाली एक ओळ लिहिली, 'मैत्रिणीचा फोन आला, म्हणून बरं वाटलं.' मग निळं पेन ठेवून काळं घेतलं.

बेचाळीस दिवसांचा तक्ता तिच्या मांडीवर होता. रोज संध्याकाळी भरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं: मनाला गुण द्यायचे, झोपेचे तास मांडायचे आणि दिवसाबद्दल एक ओळ लिहायची. सहा आठवडे तो कपाटात कोराच पडून राहिला. आता दवाखान्याच्या बाकावर बसून अर्ध्या तासात सहा आठवडे जगायचे होते. आज कामावर परतायच्या पत्रावर डॉक्टरांची सही मिळाली नाही, तर सोमवारपासून तिच्या टेबलावर दुसरं कुणीतरी पाण्याचे नमुने तपासणार होतं. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तसं स्पष्ट कळवलं होतं.

तशी ती या कामात कच्ची नव्हती. तिच्या तीन कथा छापून आल्या होत्या. शिवाय सरळ रेषेत चढत जाणारे आकडे कुणीतरी खुर्चीत बसून बनवलेले असतात, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. म्हणून तिने मध्ये दोन वाईट रविवार पेरले. एका पानाला चहाचा डागही लावला. वाईट दिवसाला कारण दिलं: आईशी खटका, डोकेदुखी. चांगल्या दिवसालाही दिलं. कारणाशिवाय काही घडलं की वाचक पुस्तक मिटतो.

शेजारी तिचा दादा भिंतीला डोकं टेकून पेंगत होता. रात्री मॅच बघत जागायचं आणि दिवसा मिळेल त्या भिंतीवर डुलक्या काढायच्या, असं त्याचं महिनोन्‌महिने चाललं होतं.

"लेखिकाबाई," त्याने एक लाल डोळा उघडला. "मी आलोय का कुठे?"

"विसाव्या दिवशी येणार आहेस. एक फालतू विनोद करतोस आणि जातोस."

"जरा उंच तरी दाखव."

"झोप तू."

तो हसला आणि खरंच झोपला. तिने तक्त्यावर मान घातली. एकोणिसावा दिवस. गुण तीन. कारण सुचेना. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आधीचा पेशंट उठत होता. तिने हाताला येईल ते खरडलं आणि पुढच्या चौकोनात उडी मारली. शेवटचा चौकोन भरला तेव्हा कंपाउंडरने तिचा नंबर पुकारला.

डॉक्टरबाईंनी तक्ता समोर घेतला. पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून सरकू लागलं. टेबलाखाली तिचा पाय थांबायचं नाव घेत नव्हता. दादा नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "झोप चांगलीच सुधारली की. गोळी अर्ध्यावर आणू या मग. पत्र कोणाच्या नावे देऊ?"

त्यांनी लेटरहेड ओढलं. काल ती अडीच तास झोपली होती. तरी तिने साहेबांचं नाव सांगितलं, तेही न अडखळता.

डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या आणि सही करता करता त्या थांबल्या. पेन्सिल पुन्हा तक्त्यावर गेली.

"हा एकोणीस वेगळा आहे."

"कसा, मॅडम?"

त्यांनी मोठ्याने वाचलं. "'आज काहीच झालं नाही. बाथरूमचा नळ ठिबकत होता. चार पावलं. उठले नाही.'"

तिने मान लांबवून स्वतःचं अक्षर पाहिलं.

"बाकी प्रत्येक दिवसाला कारण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इतकी कारणं माझ्या एकाही पेशंटकडे नसतात गं. एकेचाळीस दिवस तुझ्या नायिकेचे आहेत. ती बरी होतेय, आनंद आहे. हा एक तुझा का?"

तिला लगेच तीन उत्तरं सुचली. तिन्ही पटण्यासारखी होती. पाय अजून हलत होता. तिने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

"हो," ती म्हणाली. "रोजचा."

डॉक्टरांनी पत्र फाडून टोपलीत टाकलं. "गोळी आहे तेवढीच राहू दे. तुझ्या साहेबांशी मी बोलते. आणखी काही आठवडे मागून घेऊ." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि नळ? तो कोण बंद करतं?"

अंथरुणात पडून तिने थेंब मोजले होते, एकदा तर बाराशेपर्यंत. उठली कधीच नव्हती. सकाळी मात्र नळ घट्ट पिळलेला असायचा. तो कसा, हे तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "सकाळी बंद असतो."

दाराजवळ दादाने मोबाइल खिशात टाकला.

"मी करतो," तो म्हणाला. "तुझा डोळा लागला की."