पांढरी चिठ्ठी

चिठ्ठी बदलायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

वॉर्डात भोसकलेला तरुण दाखल झाला होता, वय तेवीस. मारामाऱ्यांत जखमी होऊन येणाऱ्या तरुणांसाठी रुग्णालयाने उपक्रम सुरू केला होता आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. लिफाफ्यातून हिरवी चिठ्ठी निघाली की समुपदेशक मिळायचा: घरी येणारा, नोकरी शोधून देणारा, भांडण मिटवणारा. पांढरी निघाली की काही नाही. तुलनेसाठी वर्षभर फोनवर प्रश्न, एवढंच. याच्या वाट्याला हिरवी होती.

अर्जावरचं नाव तिने दोनदा वाचलं. हेच नाव कोर्टाच्या निकालात होतं. तिच्या धाकट्या भावाच्या पोटात सुरी खुपसणारा हा. साक्षीदार फिरले म्हणून सुटला होता.

ज्यांनी याला एकदा भोसकलं ते पुन्हा भोसकतील. असे जखमी बरेच जण वर्षाच्या आत परत येतात, काही थेट शवागारात. आकडे तिला पाठ होते. त्याला बोटही लावायची गरज नव्हती. फक्त वाट पाहायची.

फोन तीन महिन्यांतून एकदा करायचा असा नियम होता. तिला तेवढा धीर निघेना. ती दर शनिवारी सकाळी करू लागली. मारामारी झाली का? जवळ हत्यार ठेवतोस का? बेल वाजत राहिली की तिला बरं वाटायचं. मग तो "बोला ताई" म्हणायचा आणि तिचा शनिवार नासायचा.

तरी ती गोड बोलायची. तुटक बोललं तर तो फोन उचलणं सोडेल आणि बातमी कळायची राहील. म्हणून झोप लागते का, आईचा गुडघा कसा आहे, हेही ती विचारायची. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, एवढी चौकशी तर माझी सासूही करत नाही. ती हसली आणि रकान्यात लिहिलं: नवी जखम नाही.

वर्ष संपलं. हिरव्या चिठ्ठीवालेही काही जण परत आले. हा आला नाही. वेल्डिंगच्या कारखान्यात लागला.

शेवटच्या फोनवर एकच प्रश्न उरला होता: वर्षभरात सगळ्यात जास्त मदत कशाची झाली? पांढऱ्या गटात इथे रेघच मारायची असे. तिने पेन टेकवलं.

"तुमच्या फोनची," तो म्हणाला. "मध्ये एकदा सुरी खिशात घालून निघालो होतो, ताई. शनिवार होता. म्हटलं, आता फोन येईल, यांना काय सांगू? परत येऊन बसलो. मी जिवंत आहे की नाही, हे दर आठवड्याला बघणारं माझं दुसरं होतं कोण?"